हाडात खुबा पंचवीस वर्षे, कागद मात्र तीनच वर्षे!

"सिरॅमिकचा बसवून घ्या. तरुण मुलगा आहे, आयुष्यभर बघायला नको." २०१२ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात आम्ही हे वाक्य ऐकले. आमचा धाकटा भाऊ तेव्हा २८ वर्षांचा होता. आज तो ४१ चा आहे. सिरॅमिकचा खुबा त्याच्या कमरेत आहे. तो चालतो, कामाला जातो, दोन मुलांना शाळेत सोडतो. मग तक्रार कसली, असे कोणीही विचारेल. तक्रार सिरॅमिकविषयी नाही, त्या वाक्यातल्या 'आयुष्यभर' या शब्दाविषयी आहे. आयुष्यभर टिकतो हे कोणी मोजले? कोणाचे मोजले? आणि आमच्या भावाच्या खुब्याचे पुढे काय झाले, हे मोजणारा या देशात कोण आहे? या प्रश्नांमागे आम्ही गेले वर्षभर फिरलो. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

हा लेख भावाला वाचून दाखवला आहे. त्याने होकार दिला, एक गोष्ट घालायला सांगितली, आणि मगच तो येथे टाकला आहे.

खुबा गेला कसा?

आमचे वडील भंडारा जिल्ह्यातून वसईला आले आणि नालासोपारा पूर्वेच्या चाळीत आम्ही वाढलो. लहानपणी भावाचे हातपाय दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे. माय म्हणायची, "पोरगं नाजूक आहे." पुढे कळले की त्याला सिकलसेल आहे. आईवडील दोघेही वाहक होते, हे दोघांनाही माहीत नव्हते. विदर्भात आमच्या समाजात, गोंडांमध्ये, काही ओबीसी जातींमध्ये आणि इकडे पालघरच्या आदिवासी पाड्यांमध्ये हा आजार आहे. मलेरियाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांत ही जनुके टिकून राहिली. लग्ने जातीच्या कुंपणातच होत राहिली, म्हणून ती कुंपणातच फिरत राहिली. यात लाजण्यासारखे काही नाही. तरी आजही सोयरिकीच्या वेळी ही गोष्ट लपवली जाते, आणि तपासणीला उशीर होतो.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मुळातच थोड्या रक्तावर जगतो. तिथला पुरवठा तुटला की हाड आतून मरते आणि वजनाखाली चेपते. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात, लोक म्हणतात 'बॉल सुकला'. स्टेरॉइडच्या जास्त औषधांनी, दारूने, अपघातानेही हे होते. परदेशात खुबे बदलतात ते बहुतेक साठी-सत्तरीच्या म्हाताऱ्यांचे, झिजेमुळे. आपल्याकडे एव्हीएनमुळे पंचविशी-तिशीतली माणसे मोठ्या संख्येने या टेबलावर येतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. सत्तरीत बसवलेल्या खुब्याला पंधरा वर्षे पुरतात. अठ्ठाविसाव्या वर्षी बसवलेल्याला चाळीस हवीत.

भाऊ तेव्हा वालीवच्या एका गाळ्यात प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनवर होता. पगार सात हजार. कायद्याने त्याचे ईएसआयचे कार्ड असायला हवे होते, कारण त्या वेळी १५,००० पर्यंत पगार असलेला कामगार त्यात येत होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना प्रा. अडारकरांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कामगार विमा कायदा उभा राहिला, हे आम्ही सभांमधून सांगत असतो. आमच्याच घरातल्या कामगाराच्या खिशात मात्र ते कार्ड नव्हते. ठेकेदाराने नाव कधी चढवलेच नाही, आणि मागितले असते तर 'उद्यापासून येऊ नको' हे उत्तर ठरलेले होते.

दुसरा दरवाजा सरकारी योजनेचा. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मुंबई होती, रायगड होता, ठाणे नव्हते. पालघर जिल्हा व्हायला अजून दोन वर्षे होती, वसई-विरारची शिधापत्रिका ठाणे जिल्ह्याची. खाडीच्या पलीकडे योजना, अलीकडे आम्ही. राज्यभर ती पोहोचली नोव्हेंबर २०१३ मध्ये. तोवर भाऊ अंथरुणावर राहिला असता. पतपेढीचे कर्ज काढले, मायचे मणी मोडले. एकूण खर्च २,८०,००० रुपये, त्यातले ६५,००० 'सिरॅमिकचे वरचे'.

सिरॅमिक म्हणजे काय आणि टिकते किती?

कृत्रिम खुब्याला चार भाग असतात. मांडीच्या हाडात ठोकलेली धातूची दांडी, तिच्या टोकावर गोळा, कमरेच्या हाडात बसवलेली धातूची वाटी आणि वाटीच्या आतले अस्तर. गोळा अस्तरात फिरतो. खरे घर्षण होते ते या दोघांत, म्हणून सगळा वाद या दोघांच्या मालाचा.

इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी १९५८ च्या सुमारास टेफ्लॉनचे अस्तर वापरले. ते काही वर्षांत झिजून गेले आणि बहुतेक रुग्णांची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली. १९६२ मध्ये त्यांनी दाट पॉलिथिलीन घेतले आणि आजची शस्त्रक्रिया उभी राहिली. पण जुने पॉलिथिलीन वर्षाला साधारण एक दशांश मिलिमीटर झिजायचे. ही झीज म्हणजे बारीक कण. शरीराच्या पेशी ते कण खाऊ पाहतात आणि त्या झटापटीत आजूबाजूचे हाडही खातात. मग घट्ट बसलेला खुबा सैल होतो. तरुण माणसात हे लवकर होते, कारण तो जास्त चालतो आणि जास्त वर्षे जगतो.

यावर उपाय म्हणून फ्रान्समध्ये पिएर बूताँ यांनी १९७० मध्ये अॅल्युमिनाचा गोळा अॅल्युमिनाच्याच वाटीत बसवला. अॅल्युमिना म्हणजे अॅल्युमिनियमचे ऑक्साइड, दाबून भट्टीत भाजलेले. ते इतके कठीण आणि गुळगुळीत होते की झीज नगण्य. धातू नसल्यामुळे गंज नाही, रक्तात कोबाल्ट-क्रोमियम उतरण्याची भीती नाही.

नालासोपारा स्टेशनच्या पलीकडे, पश्चिमेला, सोपाऱ्याचा स्तूप आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उघडला तेव्हा आतल्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे निघाले. शतकानुशतके मातीखाली राहूनही ते तुकडे तुकडेच होते. भाजलेली माती गंजत नाही, सडत नाही. तिला एकच मरण आहे, फुटणे. सिरॅमिकच्या खुब्याचा गुण आणि दोष दोन्ही यात आले.

फुटण्याचे प्रमाण किती? ब्रिटनच्या राष्ट्रीय सांधे नोंदवहीवरून २०१७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात जुन्या अॅल्युमिनाचे गोळे हजारात साधारण एक फुटल्याचे दिसले. २००० नंतर आलेल्या, झिर्कोनिया मिसळलेल्या नव्या सिरॅमिकचे गोळे दहा हजारात साधारण एक. आतल्या अस्तराचे प्रमाण मात्र दोन्हींत हजारात एकाच्या आसपास. म्हणजे भीती बाळगण्याइतके मोठे नाही, आणि 'फुटतच नाही' म्हणण्याइतके शून्यही नाही. दुसरी तक्रार आवाजाची. वाटी थोडी जास्त उभी किंवा तिरकी बसली की गोळा काठावर घासतो आणि दाराच्या बिजागरीसारखा आवाज येतो. बहुतेकांत त्याने काही बिघडत नाही, काहींत तो पुढच्या बिघाडाची पहिली खूण असतो.

आता तो 'आयुष्यभर'. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास आला. सगळ्या प्रकारचे खुबे धरून १५ वर्षे टिकलेले ८९ टक्के, २० वर्षे ७० टक्के, २५ वर्षे ५८ टक्के. यातले जुने खुबे जुन्या मालाचे होते, आजचे कदाचित जास्त टिकतील. पण आज छातीठोकपणे सांगता येण्यासारखा आकडा हा आहे. 'आयुष्यभर' हा आकडा नाही, ती विक्रीची भाषा आहे.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला २०१२ मध्ये कोणी सांगितली नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी पॉलिथिलीनवर किरणांची प्रक्रिया करून त्याचे अस्तर कितीतरी टिकाऊ केले गेले. मोठ्या नोंदवह्यांमध्ये सिरॅमिकचा गोळा आणि हे नवे पॉलिथिलीन ही जोडी, सिरॅमिक-सिरॅमिक जोडीच्या जवळपास बरोबरीने चालली आहे. पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते ती पुष्कळदा जंतुसंसर्ग, खुबा निखळणे किंवा सैल होणे यांमुळे. म्हणजे वरच्या पैशांपेक्षा शस्त्रक्रियेतली स्वच्छता आणि वाटी बसवणाऱ्याचा हात जास्त महत्त्वाचा. हे त्या दिवशी सांगितले असते तर आम्ही कदाचित सिरॅमिकच घेतले असते. पण विचारून घेतले असते.

आवाज आला आणि कागद सापडला नाही

पहिली बारा वर्षे चांगली गेली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भावाने मांडी घालणे सोडले. विहारात सगळे सतरंजीवर बसतात, तो मागे भिंतीला लावलेल्या खुर्चीवर बसून वंदना घेतो. घरात कमोड बसवला. सकाळची विरार लोकल सोडून तो गर्दी ओसरल्यावर निघतो. ६ डिसेंबरला आमच्याबरोबर दादरच्या रांगेत रात्रभर उभा राहत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी एकटा जाऊन येतो. एवढे सांभाळून तो सुपरवायझर झाला, लग्न झाले, मुले झाली. हे त्या शस्त्रक्रियेने दिले. त्याचे ऋण आम्ही नाकारत नाही.

गेल्या पावसाळ्यात स्टेशनचा पूल चढताना त्याला कमरेतून चर्र असा आवाज आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग बसून उठताना जांघेत दुखू लागले. आम्ही त्याला दुसऱ्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या कंपनीचा? गोळा आणि अस्तर दोन्ही सिरॅमिक की फक्त गोळा? जुने अॅल्युमिना की नवे? स्टिकर आहे का?"

आमच्याकडे डिस्चार्ज कार्ड होते. त्यावर हाताने लिहिलेली एकच ओळ होती, 'उजवा टी.एच.आर., सिरॅमिक.' आम्ही म्हटले, एक्स-रेत दिसेल ना? डॉक्टर म्हणाले, "सिरॅमिक आहे एवढे दिसते. जुने अॅल्युमिना फिकट पिवळे असते, नवे गुलाबी. पण एक्स-रेला रंग दिसत नाही."

आम्ही जुन्या रुग्णालयात गेलो. तीन चकरा झाल्या. शेवटी रेकॉर्डच्या खिडकीवर उत्तर मिळाले की इतके जुने कागद ठेवत नाहीत. आम्ही भांडायच्या तयारीत गेलो होतो, पण नियम वाचला तर तो त्यांच्या बाजूचा निघाला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे. रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. तीन वर्षांनंतर बांधिलकी नाही. बँक आमच्या कर्जाचा कागद जपते, तहसील कार्यालय सातबारा जपते. माणसाच्या हाडात पंचवीस वर्षांसाठी ठोकलेल्या वस्तूचा कागद तीन वर्षांचा!

भावाने लेखात घालायला सांगितलेली गोष्ट ही. परतताना रिक्षात तो म्हणाला, "दादा, आमच्या गाळ्यात बादलीचा कान तुटून माल परत आला तरी लॉट नंबर बघतात आणि दाण्याची गोणी शोधून काढतात. कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर बनली ते सांगतो मी. माझ्या खुब्याची गोणी कोणी शोधायची?"

लॉट नंबरने काय बिघडते?

कोणी म्हणेल, नंबर नसला तर काय बिघडते? दोन गोष्टी सांगतो.

पहिली, सिरॅमिक फुटलेच तर पुढच्या शस्त्रक्रियेत काय बसवायचे हे आधी काय होते त्यावर ठरते. फुटलेल्या सिरॅमिकचे काचेसारखे कण कितीही धुतले तरी थोडे आत राहतात. तिथे धातूचा गोळा बसवला तर ते कण त्याला घासून खातात, म्हणून शक्यतो पुन्हा सिरॅमिकचाच गोळा लागतो. शिवाय दांडीच्या टोकाचे माप कंपनीगणिक वेगळे असते. माप माहीत नसेल तर ऐनवेळी चांगली घट्ट बसलेली दांडीही हाड फोडून काढावी लागू शकते. सिकलसेलच्या रुग्णात मोठी शस्त्रक्रिया म्हणजे रक्त, जंतुसंसर्ग, सगळ्याचीच जोखीम जास्त.

दुसरी, कधी कधी दोष मालाच्या ठराविक बॅचमध्ये असतो. फ्रान्समधली एक कंपनी झिर्कोनियाचे गोळे बनवत होती, ते चांगले चाललेही होते. १९९८ मध्ये तिने भाजण्याची भट्टी बदलली. त्यानंतरच्या काही बॅचचे गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले आणि २००१ मध्ये माल परत बोलवावा लागला. माल तोच, नाव तेच, बदलली होती फक्त भट्टी. अशा वेळी ज्याच्याकडे बॅच नंबर आहे त्याला निरोप पोहोचतो. ज्याच्याकडे 'सिरॅमिक' एवढाच शब्द आहे त्याला नाही.

आणि हे फ्रान्सपुरते नाही. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा, धातूवर धातू घासणारा, भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये बसवला गेला. ब्रिटनच्या नोंदवहीत पाच वर्षांत साधारण आठातला एक बदलावा लागत असल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियात तो २००९ मध्येच बाजारातून काढला गेला, जगभर परत बोलावला गेला ऑगस्ट २०१० मध्ये. आपल्याकडे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण पोलिसांपर्यंत नेले. तरी केंद्राने डॉ. अरुण अगरवाल यांची समिती नेमायला २०१७ उजाडले. नुकसानभरपाईचे सूत्र २०१८ च्या अखेरीस आले, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. पण भरपाई द्यायची कोणाला? समितीपुढे जे चित्र आले त्यात साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच नव्हता. ही माणसे कुठे गेली? कुठेही गेली नाहीत. ती आपापल्या घरी आहेत, दुखणाऱ्या कमरेवर हात ठेवून, आपल्या आत काय आहे हे न कळता. हरवली ती माणसे नव्हेत, त्यांची नोंद.

ज्याची मोजणी नाही त्याचा हक्क नाही, हे आम्हाला नव्याने शिकायची गरज नाही. जनगणनेपासून नोकरीच्या अनुशेषापर्यंत हाच धडा आम्ही गिरवत आलो आहोत. इथे तो हाडापर्यंत पोहोचला एवढेच.

नोंदवही कोणाकडे आहे?

स्वीडनने खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७९ मध्ये सुरू केली, फिनलंडने १९८० मध्ये, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये. प्रत्येक शस्त्रक्रियेत कोणता भाग बसला, कोणत्या बॅचचा, तो कधी आणि का काढला, हे एका ठिकाणी लिहिले जाते. 'लॅन्सेट'चा २५ वर्षांचा आकडा फिनलंडच्या नोंदवहीतून आला आहे. म्हणजे आमच्या भावाला २०१२ मध्ये जे आश्वासन दिले गेले ते जास्तीत जास्त परदेशातल्या म्हाताऱ्यांच्या हिशेबावर होते. सिकलसेल असलेला, जिना चढणारा, लोकलने फिरणारा २८ वर्षांचा कामगार त्या हिशेबात कितीसा असेल?

आपल्याकडे खुबा-गुडघ्याच्या शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे. त्यासाठी त्यांचे आभार. पण ती ऐच्छिक आहे. ज्याला वाटले त्याने भरली. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा सरकारी कार्यक्रम जुलै २०१५ पासून गाझियाबादहून चालतो. त्याच्या अर्जातही उपकरणाचा लॉट किंवा बॅच नंबर विचारला जातो. नंबर रुग्णाला दिलाच नाही तर तो अर्ज भरणार काय?

आक्षेप येतील, म्हणून उत्तरे आधीच देतो. 'गरिबाला खुबा मिळाला हेच खूप, कंपनी कशाला विचारायची?' आमचे उत्तर, शस्त्रक्रियेचे उपकार मानावेत, पण वस्तूची पावती मागणे हा उपकारांचा अपमान होत नाही. 'डॉक्टरांना माहीत असते.' हो, त्या दिवशी माहीत असते. तेरा वर्षांनी ते डॉक्टर त्या रुग्णालयात नसतात, कधी हयातही नसतात. 'नोंदवहीला खर्च येतो.' येतो. पण न मोजता पुन्हा केलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्च त्याहून मोठा आहे, आणि तो रुग्ण भरतो किंवा जनतेच्या पैशांतून चालणारी योजना भरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. सरकार पैसे देते तेव्हा बसवलेल्या भागाचा नंबर मागणे सरकारला अवघड नाही. त्यातून राज्याची नोंदवही आपोआप सुरू होईल.

आमच्या मागण्या साध्या आहेत. शरीरात कायमचा राहणारा भाग बसवला तर त्याचे सगळे स्टिकर डिस्चार्ज कार्डवर चिकटवणे सक्तीचे करा. कागद तो भाग शरीरात असेपर्यंत जपा. नोंदवही ऐच्छिक नको, बंधनकारक करा. गुडघ्याच्या इम्प्लांटला ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल किंमत ठरवली, खुब्याला त्या आदेशात जागा मिळाली नाही, तीही द्या. आणि सिकलसेलच्या सरकारी मोहिमेत रक्ताच्या तपासणीबरोबर खुब्याकडेही बघा. मांडी किंवा जांघ दुखते म्हणणाऱ्या सिकलसेलच्या पोराचा एमआरआय वेळेत झाला तर काहींचा स्वतःचा खुबा वाचू शकतो.

तोवर वाचकांनी एवढे करावे. घरात कोणाचा खुबा किंवा गुडघा बदलला असेल तर आज कपाट उघडून कागद काढा. तीन वर्षे झाली नसतील तर रुग्णालयाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ७२ तासांचा नियम दाखवा. झाली असतील तरी विचारा, कारण पुष्कळ रुग्णालये त्याहून जास्त काळ कागद ठेवतात. बिलात इम्प्लांटची वेगळी पावती असेल तर तीही शोधा. मिळालेल्या कागदाचा फोटो काढून घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलवर ठेवा. दुखत नसले तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने एक्स-रे काढा, कारण खुबा सैल होताना सुरुवातीला दुखेलच असे नाही. शस्त्रक्रिया व्हायची असेल तर तीन प्रश्न विचारा. गोळा कशाचा? अस्तर कशाचे? वरचे पैसे नेमके कशाचे?

भावाचे काय झाले? सीटी स्कॅन केला. वाटी थोडी उभी बसली आहे, तुकडे दिसले नाहीत. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. उकिडवे बसू नको, आणि कचकन आवाज येऊन अचानक चालता येईना झाले तर पाय न टेकता लगेच ये, असे बजावले आहे. तो कामावर जातो. पूल चढताना थांबतो, कान देतो, पुन्हा चढतो.

त्याच्या आत अॅल्युमिना आहे की नवे सिरॅमिक, हे आम्हाला आजही माहीत नाही. ते कळेल तेव्हा त्याची कंबर पुन्हा उघडलेली असेल. निदान त्या दिवशी निघालेला भाग आणि बसवलेल्या भागाचे स्टिकर, दोन्ही आम्ही मागून घेणार आहोत. तुम्ही एवढी वाट बघू नका.

जय भीम!